एकतिसावी बाब

१४ मार्च २०१७, मंगळवार. सत्तेचाळीस नंबरच्या बोटीच्या शेवटच्या हप्त्याचे दोन लाख अठरा हजार सातशे पन्नास त्या दिवशी सकाळी आमच्या कार्यालयात जमा झाले. मी पावती फाडली, एक प्रत फाइलला लावली आणि दुसरी खाली कारखान्यात पाठवली. पावती खाली गेली की दोन आठवड्यांत बोट पाण्यावर तपासून गिऱ्हाइकाच्या हवाली करायची, हा आमचा शिरस्ता. ती पावती भिंगरीच्या हातात पडली आणि तेव्हापासून माणूस जागेवर ठरेना.

तसा तो कधीच ठरत नसे. नाव पडलं ते त्यावरूनच. एकोणिसाव्या वर्षी साचे बनवायला सुतार म्हणून लागला, तेव्हा मालक म्हणाले होते, "या पोराच्या पायाला भिंगरी लागलीय का रे?" पोराला आता त्रेपन्नावं लागलं होतं, पण भिंगरी काही सुटली नव्हती. जेवण उभ्याने. वर्तमानपत्र जिन्यावर, चढता चढता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्यांत पुढच्या खोलीतली आरामखुर्ची नावाला त्याची, प्रत्यक्षात तिच्यावर घड्या घातलेले कपडे असत. लग्नाच्या फोटोत बाकी बावीस माणसांचे चेहरे स्वच्छ आहेत आणि नवऱ्यामुलाच्या जागी एक करडा धब्बा आहे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, तो फोटो पाहुण्यांना हौसेने दाखवतात. "हे आमचे हे," असं म्हणून धब्ब्यावर बोट ठेवतात.

आम्ही पूर्वी साध्या होड्या बनवायचो. एकवीस वर्षांपूर्वी मालकांनी शर्यतीच्या छोट्या कॅटॅमरान सुरू केल्या. दोन निमुळत्या पोकळ होड्यांसारखे हल, मध्ये ताणलेली जाळी, नऊ मीटरची डोलकाठी, एक मोठं शीड आणि चालवायला एकच माणूस. वर्षाला दोन, फार तर तीन बोटी होत. प्रत्येक बोट गिऱ्हाइकाला देण्याआधी भिंगरी एकटा पाण्यावर नेऊन तपासत असे. तपासणीच्या कागदावर एकतीस बाबी होत्या. सुकाणू किती वळतं, दोर कुठे घासतो, कुठल्या हलमध्ये पाणी शिरतं, असं सगळं. त्या वेळी धक्क्यावर घड्याळ, दुर्बीण आणि वाऱ्याचा मापक घेऊन उभं राहायचं आणि कागद भरायचा, हे काम मालकांनी माझ्याकडे दिलं होतं. "यांना समुद्रातलं काही कळत नाही, म्हणजे दिसेल तेच लिहितील," हे त्यामागचं कारण त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं.

त्यामुळे मी एक गोष्ट पाहिली, जी वहिनींखेरीज फारशी कोणाला ठाऊक नव्हती. बोट वेगात आली, एक हल पाण्यावरून उचलला गेला, की भिंगरी कमरेच्या पट्ट्याला तार अडकवून बाहेर लटकायचा. पाय हलच्या कडेवर, पाठ पाण्याला समांतर. दुर्बिणीतून पाहिलं तर तो हलत नसे. हात नाही, मान नाही. जमिनीवर खिळे मोजतानासुद्धा नाचणारा माणूस त्या तासाभरात फोटो काढावा इतका स्थिर असे.

एकतिसावी बाब त्याने स्वतः घातलेली. तीन नंबरच्या बोटीचा मालक खाडीत उलटला आणि बोट उठवायला दोरच नसल्यामुळे चार तास तिला धरून तरंगत राहिला. तो सुखरूप आला. मग भिंगरीने तोवरच्या तिन्ही बोटी परत मागवून जाळीखाली एकेक जाड दोर कायमचा बसवला, त्या पाडून उठवून पाहिल्या आणि कागदाच्या तळाशी पेनने लिहिलं: '३१. बोट एकट्याने पाडली व एकट्याने उठवली.' मालकांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते जाहिरातीच्या पत्रकावर लाल अक्षरांत छापलं.

ही उठवणी म्हणजे काय ते सांगतो. कॅटॅमरान आडवी पडली की एक हल पाण्यात, दुसरा वर आकाशात, आणि डोलकाठी शिडासकट पाण्यावर पसरलेली. माणसाने खालच्या हलवर उभं राहायचं, वरच्या हलवरून आलेला दोर दोन्ही हातांनी धरायचा आणि मागे, पाण्याकडे, अंग झोकून द्यायचं. अंगाच्या वजनाने डोलकाठी वीतभर उचलली गेली की शिडाखाली वारा शिरतो आणि पुढचं काम वारा करतो. भिंगरीला याला दोन ते तीन मिनिटं लागत. शेहेचाळीस बोटी त्याने अशा पाडल्या आणि उठवल्या.

आदल्या नोव्हेंबरात त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. त्या हिवाळ्यात एकही बोट तयार झालेली नव्हती, त्यामुळे काम अडलं नाही. तो फेब्रुवारीत परत आला तो अंगात दोन स्वेटर आणि वर जाकीट घालून. सगळ्यांना वाटलं, आजारपणातून उठलाय, थंडी वाजत असेल.

बावीस तारखेला, बुधवारी, सत्तेचाळीस नंबर पाण्यात उतरली. वारा बारा नॉट. तीस बाबी अकरा वाजेपर्यंत झाल्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने शीड घट्ट ओढलं, सुकाणू फिरवलं आणि बोट पाडली. हलवर चढला. दोर धरला. मागे झुकला.

डोलकाठी पाण्यातून उठली नाही.

पुन्हा झुकला. पाय सरकवून हलच्या टोकाशी गेला. शिडाचे दोर मोकळे आहेत ना ते पाहून आला. पुन्हा. डोलकाठीचं टोक पाण्यावर थरथरायचं आणि परत चिकटायचं. माझ्या घड्याळात दहा मिनिटं झाली, मग वीस. दोन्ही हात वर केले तरच मोटरबोट पाठवायची असा नियम होता. भिंगरी हात वर करत नव्हता. दर पाच मिनिटांनी मी वारा मोजून लिहीत होतो: बारा, बारा, अकरा, बारा. चौतिसाव्या मिनिटाला तो हलवर बसला. मी त्याला कामावर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. मग मी नियम मोडला आणि मोटरबोट पाठवली.

ओढून आणलेल्या बोटीवरून उतरताना त्याचे दात वाजत होते. "वारा पडला," तो म्हणाला. "लिहा साहेब. वारा पडला."

मी तो रकाना कोरा ठेवला.

मालक कार्यालयातून खाली आले. "काय झालं रे?"

"वारा पडला, मालक."

"पडला? माझ्या केबिनचं दार तीनदा आपटलं." मग त्याच्या निळ्या ओठांकडे पाहून आवाज खाली आणला. "बरं. शुक्रवारी जावईबापू बघतील ती एकतिसावी."

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. ब्याण्णव किलोचा गुणी मुलगा. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्याला कारखान्यात नेमकं काय काम द्यावं हे अजून ठरलं नव्हतं. एका बाबीतून ते ठरणार हे सगळ्यांना दिसत होतं. भिंगरीला सर्वांत आधी.

त्या दुपारी मी शिडांच्या माळ्यावर गेलो. वहिनी तिथेच काम करतात, आमची सगळी शिडं त्यांच्या मशिनीखालून जातात. मी म्हटलं, "वहिनी, भिंगरीची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय विचारता भावजी, त्यांच्या पँटींना विचारा. नोव्हेंबरपासून तीनदा आत घेतल्यात." त्यांनी मशीन थांबवली नाही. "ब्याऐंशीचे साठ झालेत. डॉक्टर म्हणतात, पोट कापल्यावर इतकंच राहणार. दिवसाला सहा अंडी खातात, उभ्याने. अंगाला एक लागत नाही."

"मग सांगत का नाही मालकांना?"

आता मशीन थांबली. "काय सांगतील? की माझ्याने उठत नाही? मग ती जागा जावईबापूंची. आणि हे साचे घासत बसणार. बसणार कसले, फिरणार! भावजी, या माणसाबरोबर मी अठ्ठावीस वर्षं काढली. तो पाण्यावरचा एक तास आहे म्हणून बाकीचे तेवीस मी निभावते."

शुक्रवारी जावईबापूंनी बोट पाडली आणि एक मिनिट चाळीस सेकंदांत उठवली. वारा अकरा नॉट. भिंगरी धक्क्यावर माझ्या शेजारी उभा होता, म्हणजे इकडून तिकडे येरझारा घालत होता. बोट उठली तेव्हा तो थांबला.

"किती?"

"एक चाळीस."

"छान आहे पोरगा," तो म्हणाला आणि दोराचं भेंडोळं उगाच सोडून पुन्हा गुंडाळायला लागला.

कार्यालयात मालकांनी कागद पुढे केला. "कर सही. तीस तुझ्या, एक यांची. बोट उठली ना? मग झालं. बुधवारचं कोणाला सांगायची गरज नाही."

जावईबापू चटकन म्हणाले, "हो काका, सही तुमचीच हवी. मी नुसता लोंबकळलो."

म्हणजे मालकांनी त्याची अब्रू झाकायला चादर आणून दिली होती. फक्त ओढून घ्यायची. भिंगरीने माझं पेन घेतलं. टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "सोमवारी करतो," म्हणाला आणि पेन घेऊनच निघून गेला. शनिवार-रविवार तो कुठे कुठे दिसला हे लोकांनी मला नंतर सांगितलं: बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, पुलावर, बंद शाळेच्या मैदानाभोवती. वहिनींनी जेवणाचा डबा तिसऱ्या मजल्यावरून खाली आणून फाटकापाशी त्याच्या हातात दिला. "वर येऊ नका," म्हणाल्या. "खालच्यांना तुमच्या फेऱ्यांचा आवाज जातो."

सोमवारी सत्तावीस तारखेला गिऱ्हाईक आलं. बाई दाताच्या कवळ्या बनवणाऱ्या तंत्रज्ञ होत्या. स्वतःची छोटी प्रयोगशाळा, बोटांवर पांढऱ्या प्लास्टरचे डाग, आणि समोरच्याशी बोलताना डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची सवय. रविवारी, दोन एप्रिलला, त्यांची पहिली एकेरी शर्यत होती. बोटीभोवती त्या दोनदा फिरल्या. हलवरून हात फिरवला. मालक लाल अक्षरांतलं वाक्य तोंडाने म्हणून दाखवत होते. मी कागद घेऊन उभा होतो, सही सोडून सगळं भरलेला.

भिंगरी साच्यांच्या मागून आला. दोन स्वेटर, जाकीट, हातात माझं पेन.

"बाई, तुमचं वजन किती?"

मालकांचा चेहरा पांढरा पडला. "अरे! बायकांना काय विचारतोस?"

"एकावन्न," बाई म्हणाल्या. "कवळी बसवताना मी यापेक्षा खाजगी विचारते. का?"

आमच्याकडे हल तोलायचा जमिनीसरसा काटा आहे, कारण शर्यतीच्या बोटीचं वजन नियमापेक्षा कमी चालत नाही. भिंगरी काट्यापाशी गेला. जाकीट काढलं. एक स्वेटर काढला, दुसरा काढला. बूट काढले. माळ्याच्या कठड्याशी वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो काट्यावर चढला आणि हललाच नाही. आकडे स्थिर झाले.

साठ पूर्णांक चार.

"बुधवारी वारा पडला नव्हता," तो म्हणाला. "माझ्याने उठली नाही. चौतीस मिनिटं. साहेबांनी वेळ लिहिलीय, विचारा. जावईबापू ब्याण्णव किलोचे आहेत म्हणून उठली. तुमच्याने सात जन्मात उठणार नाही. ही बोट घेऊ नका. म्हणजे, घ्या, पण अशी नको."

मालकांनी कपाळ चोळलं. बोटीचे पैसे बँकेत आलेले, शर्यत सहा दिवसांवर, आणि आमचाच माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवत होता.

"मग मला काय लागेल?" बाईंनी विचारलं.

"वजन. निदान पंचाहत्तरच्या वर."

"एवढं रविवारपर्यंत माझ्याने खाऊन होणार नाही."

जावईबापू खो खो हसले आणि सासऱ्यांकडे बघून गप्प झाले.

"पाणी," भिंगरी म्हणाला. तो आता काट्यावरून उतरून चालायला लागला होता. "पाण्याला पाण्यात वजन नसतं. बाहेर काढलं की असतं. शिडाच्या कापडाची पिशवी करायची, उठवणीच्या दोराला अडकवायची. बोट पडली की भरून घ्यायची, खांद्यावरून पाठीला टाकायची आणि मागे झुकायचं. पंचवीस लिटर. भार दोर घेतो, माणूस नाही. मी रविवारी पुलावरून बादली सोडून बघितलं."

"लोकांनी तुम्हाला बादलीसकट पाहिलं?" वरून वहिनी ओरडल्या. "माझी निळी?"

पिशवी त्यांनीच शिवली, दुहेरी शिलाई, तोंडाला दोरी. बुधवारी एकोणतीस तारखेला भिंगरी पुन्हा एकटा बोट घेऊन गेला. बाईंचं वजन अधिक भरलेली पिशवी म्हणजे शहात्तर. तो स्वतः साठ पूर्णांक चार. म्हणून त्याने तपासणीपुरत्या शिवलेल्या दुसऱ्या पिशवीला पंधरा पूर्णांक सहा लिटरवर भोक पाडून घेतलं, म्हणजे त्याहून जास्त पाणी राहणारच नाही. हा आकडा काढून द्यायला त्याने माझ्याकडून कॅल्क्युलेटर चालवून घेतला, दोनदा.

वारा दहा नॉट. बोट पाडली. पिशवी भरली. पहिला प्रयत्न फुकट गेला, पिशवी खांद्यावरून घसरली. दुसऱ्या वेळी तो झुकला आणि तसाच राहिला, दोराला टांगलेला, पाणी पाठीवरून गळतंय. डोलकाठी एक वीत उठली. मग तिथेच थांबली. मी दुर्बीण धक्क्याच्या खांबाला टेकवली. वारा आला, शीड फडफडलं, आणि बोट धाडकन उभी राहिली. सहा मिनिटं दहा सेकंद.

परत आल्यावर त्याने कागद मागितला. सही केली आणि सहीखाली लिहिलं: 'वजन ६०.४, पिशवी १५.६.' मग थांबून म्हणाला, "साहेब, आपल्या कागदावर वारा आहे, लाट आहे, पाण्याचं तापमान आहे. तपासणाऱ्याचं वजन कुठे आहे?"

नव्हतं. एकवीस वर्षं मी तो कागद भरत होतो. शेहेचाळीस वेळा 'उठली' असं लिहिलं आणि किती वजनाच्या माणसाने उठवली हे एकदाही लिहिलं नाही.

गुरुवारी बाई बोट न्यायला आल्या तेव्हा मालक म्हणाले, "पुढच्या वेळेपासून जावईबापूच पाहतील. याला आता झेपत नाही."

बाई पिशवीची शिलाई बोटाने तपासत होत्या. "हे बारीक आहेत म्हणून बरं," त्या म्हणाल्या. "यांच्यात पाणी भरून तुमचं कुठलंही गिऱ्हाईक तयार करता येईल. जावयांमधून एकावन्न किलोची बाई कशी काढणार?"

मालकांनी जावयाकडे पाहिलं. जावयांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "बरोबर आहे बाबा," ते म्हणाले, आणि मला वाटतं, त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. त्या पाण्याची त्यांना मनातून भीती वाटायची, हे नंतर त्यांनीच सांगितलं. ते आता विक्री बघतात आणि उत्तम बघतात.

तपासणी भिंगरीकडेच राहिली. रविवारच्या शर्यतीत बाई एकोणीस बोटींत अकराव्या आल्या आणि एकदाही पडल्या नाहीत. आता माणूस जरा विसावेल असं मला वाटलं होतं. तो सोमवारी सकाळी सव्वानवाला माझ्या टेबलापाशी उभा.

"आधीच्या शेहेचाळीस जणांना पत्र लिहायचंय."

मालक ऐकून उसळले. "एकवीस वर्षांत कोणी बुडालं?"

"नाही."

"मग आपण चुकलो असं आपल्याच हाताने लिहून द्यायचं?"

"सही माझी होती. चूक माझी लिहा. बुडायच्या आधी लिहू या, मालक. नंतर कोणाला लिहिणार?"

पत्रं गेली. मजकूर पाच ओळींचा: ही बोट ब्याऐंशी किलोच्या माणसाने उठवलेली आहे, आपलं वजन कळवा. काहींनी विनोद समजून उत्तरं पाठवली. एकाने लिहिलं, 'बायको हे पत्र रोज वाचून दाखवते, कृपया पुढे पाठवू नये.' चाळीस जणांनी आकडे कळवले, पाच जणांना भिंगरी स्वतः जाऊन भेटला. पंचाहत्तरच्या आतले बारा निघाले. वहिनींनी बारा पिशव्या शिवल्या.

राहिली एकोणीस नंबर. ती तीन हातांतून विकली गेली आहे. शेवटच्या माणसाचा फोन बंद आहे आणि पत्र 'पत्त्यावर नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. रविवारी भिंगरी बस धरतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने एकेका धक्क्यावर उतरून शिडांवरचे आकडे बघत फिरतो. कधी वहिनी बरोबर जातात, कधी म्हणतात, "तुम्ही जा, माझ्या पायाला काही लागलेलं नाही." तेराव्या पिशवीचं कापड कापून माळ्यावर ठेवलेलं आहे. वजन कळल्याशिवाय तिचं माप ठरत नाही.

बारा पिशव्या पोचल्याच्या सह्या फाइलला आहेत. एकोणीस नंबरची एक पिशवी देणे बाकी आहे.